चामड्यावर नक्षी: कोकणच्या दमट हवेतला पहिला तुकडा

चामड्यावर नक्षी उठवायला शिकणारा माणूस पहिल्यांदा हत्यारांची चौकशी करतो. ठसे कुठे मिळतात, सुरी कुठली घ्यायची, किती खर्च येईल. हे सगळं लागतंच, पण या कामात हातोडीपेक्षा पाण्याला जास्त भाव आहे. भिजवलेलं चामडं योग्य वेळी दाबलं तर दाब तसाच राहतो आणि वाळल्यावर पक्का होतो. अख्खी कला एवढ्यावर उभी आहे.

आणि पाण्याचा विषय निघाला की कोकणाचा हिशोब वेगळा होतो. या कामासाठी जगभर नावाजलेलं एक गाव म्हणजे अमेरिकेतल्या वायोमिंगमधलं शेरिडन. घोड्याच्या खोगिरांवर दाटीवाटीने कोरलेली फुलं ही तिथली खासियत. ते गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, हवा कोरडी. नेटवरचे बरेचसे व्हिडिओही अशाच मुलखातले असतात. त्यात सांगितलेल्या वेळा पाळून जुलैत रत्नागिरीत काम करायला बसाल तर तुकडा थुलथुलीत, ठसे फुगीर आणि तुम्ही वैतागलेले. म्हणून हा लेख किनाऱ्यावरच्या माणसासाठी. एकच वस्तू करू: चहाच्या कपाखाली ठेवायचं गोल कोस्टर, नऊ-दहा सेंटिमीटरचं. शिवण नाही, जोड नाही, बिघडलं तर नुकसान थोडं.

चामडं निवडताना

बाजारात मिळणारं बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. पर्स, जॅकेट, बुटाचा वरचा भाग, सगळं तेच. ते मऊ असतं, भिजून वाळलं तरी फारसं बिघडत नाही, आणि नेमकं म्हणूनच नक्षीला निरुपयोगी. ठसा मारला की थोड्या वेळात फुगून पुन्हा सपाट. आपल्याला हवं ते झाडाच्या साली-फळांतल्या टॅनिनने कमावलेलं. व्यापारी त्याला व्हेज टॅन म्हणतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं पूर्वापार याच जातीचं. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची, अशी ती जुनी रीत. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून.

कोकणातून चामड्याला दोन वाटा. एक रेल्वेने मुंबईला, धारावीत. दुसरी घाट चढून कोल्हापूरला: रत्नागिरीकरांना आंबा घाट, कणकवलीकरांना फोंडा, सावंतवाडीकरांना आंबोली. शक्यतो स्वतः जा. चामडं हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि फोनवर ‘व्हेज टॅनच आहे’ असं कोणीही सांगतो.

दुकानात तीन गोष्टी बघायच्या. कापलेली कड आतून निळसर-करडी असेल तर ते क्रोमचं, विषय संपला. कड सगळीकडे एकसारखी तपकिरी असेल तर पुढची परीक्षा: बोट ओलं करून पृष्ठभागावर टेका. तिथे लगेच गडद डाग पडला आणि पाणी आत शिरलं तर ठीक. मग त्या ओल्या जागी नख दाबा. नखाची खूण जशीच्या तशी राहिली की चामडं आपलं. पाणी वरच्या वर मोत्यासारखं थांबलं तर त्यावर पॉलिशचा किंवा लाखेचा थर आहे, ते नको. ‘नॅचरल, फिनिश न केलेलं’ असं स्पष्ट सांगून मागा.

पाठीकडचा भाग घ्या. पोटाकडचं चामडं ढिलं आणि ताणणारं, त्यावर रेघ सरळ राहत नाही. म्हशीचं चामडं सहज मिळतं. त्याची रंध्रं मोठी असल्यामुळे अगदी नाजूक काम उठत नाही, पण शिकायला चांगलं. जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास. पहिल्या खेपेला अख्खी पाठ घेण्यात शहाणपण नाही. कतरण मागा.

हत्यारं, आणि लोखंडाची भानगड

सगळ्यात आधी दगड. ठोकताना खालून पक्का आधार नसेल तर अर्धा जोर टेबलातच जिरतो. स्वयंपाकघराचा ओटा बसवणाऱ्यांकडे सिंकसाठी कापून काढलेला ग्रॅनाइटचा तुकडा पडून असतो. तो मागितला तर बहुतेक वेळा फुकट मिळतो. अंगणातला जांभा चालणार नाही, तो सच्छिद्र आणि खडबडीत. दगडाखाली जुनं पायपुसणं घाला, म्हणजे दुपारी शेजारची मंडळी भांडायला येणार नाहीत.

ठोकायला लोखंडी हातोडी नको. तिने ठशाचं डोकं चेपतं आणि घाव उडतो. सुताराकडून चिंचेच्या लाकडाची छोटी मोगरी करून घ्या, किंवा नायलॉनच्या डोक्याची हातोडी विकत आणा. चामडं कापायला रापी हवी. ती कुठे मिळते, धार कशी लावायची हे बाजारपेठेत बसणाऱ्या चर्मकार काकांना विचारा. रापीला धार लावताना त्यांचा हात नीट बघितलात तर व्हिडिओ बघायची गरज उरणार नाही.

एक हत्यार मात्र ऑनलाइनच मागवावं लागतं: स्विव्हल नाइफ. तिची मूठ बोटांत गोल फिरते, त्यामुळे वळणदार रेघ न थांबता ओढता येते. सोबत दोनच ठसे घ्या: एक बेव्हलर, कापलेल्या रेघेची एक बाजू उतरती दाबणारा, आणि एक बॅकग्राउंडर, मोकळी जागा बारीक दाण्यांनी भरणारा. वीस-तीस ठशांचे स्वस्त संच दिसतात, त्यांचा मोह टाळा. त्यातले निम्मे मऊ धातूचे असतात आणि त्यांवरच्या रेषा पुसट.

बाकीचे ठसे घरी करा. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा बंदरांजवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत होड्यांना लागणारे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट मिळतात. ८ मिलिमीटर जाडीचा, बोटभर लांब बोल्ट घ्या. डोक्याच्या बाजूने ठोकायचं, आट्यांच्या टोकाकडे नक्षी. ते टोक आधी कानशीने सपाट करा. एका बाजूने अर्धगोल काढलात तर माशाच्या खवल्याचा ठसा झाला. तिकोनी कानशीने मध्यातून तीन-चार चिरा पाडल्यात तर पानाची शीर झाली. शेवटी ४०० नंबरचा आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून कडा किंचित गोलसर करायच्या. हे टाळलं तर ठसा चामडं दाबण्याऐवजी कापतो आणि नक्षीच्या जागी भोकं पडतात.

स्टेनलेसचा आग्रह का? ओल्या व्हेज टॅन चामड्याला लोखंड लागलं की त्यातल्या टॅनिनशी संयोग होऊन निळा-काळा डाग पडतो. शाईसारखा. जुनी शाई याच रसायनाने बनत असे. खाऱ्या वाऱ्यात साधा खिळा महिन्याभरात गंजतो, हातावरची गंज तुकड्यावर येते, आणि कापलेल्या लोखंडाचा कीस टेबलावर राहिला असेल तर दुसऱ्या दिवशी तुकड्यावर काळे ठिपके उमटतात. कानसकाम आणि चामड्याचं काम एकाच टेबलावर करू नका. जांभ्याच्या भागातल्या काही विहिरींच्या पाण्यातही लोह असतं. एका फालतू तुकड्यावर विहिरीच्या पाण्याचा थेंब टाकून रात्रभर वाळवा. करडी कडा दिसली तर चामड्याच्या कामाला गाळलेलं किंवा पावसाचं पाणी वापरा. डाग पडलाच तर लिंबाचा रस पाण्यात पातळ करून हलक्या हाताने पुसा, मग साध्या पाण्याने. ताजा डाग बराचसा जातो.

हत्यारांना खोबरेल तेलाचा पुसट हात लावून ठेवावा. काम सुरू करण्यापूर्वी ते पूर्ण पुसून काढायचं, नाहीतर तेल लागलेल्या जागी रंग बसत नाही.

पाणी

तुकडा आधी गोल कापून घेऊ नका. नक्षी करताना चामडं थोडं पसरतं, गोलाचा अंडाकार होतो. बारा सेंटिमीटरचा चौकोनच ठेवा. मागच्या बाजूला पॅकिंगची रुंद चिकटपट्टी लावली तर पसरणं बरंच आटोक्यात येतं.

आता स्पंज. नळाखाली धरायचं नाही, भांड्यात बुडवायचंही नाही. ओला स्पंज पिळून सबंध पृष्ठभागावर एकसारखा फिरवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग आडवा. चामडं गडद होईल. पाणी आत जायला पाच मिनिटं द्या आणि पुन्हा एकदा फिरवा. नंतर हात बांधून बसा.

नवशिके इथेच घाई करतात. गडद दिसतंय म्हणजे ओलं आहे, मग करू सुरुवात. गडद दिसतंय तोवर ते जास्त ओलं असतं. रंग हळूहळू परत येऊ लागतो, कडांकडून मध्याकडे. जवळपास मूळच्या रंगावर आलं, पण गालाला लावल्यावर माठाच्या अंगासारखं गार लागतंय, ती वेळ. वरून कोरडं, आतून दमट. आता ठसा मारलात तर दाबलेली जागा खोल जाते आणि तपकिरी होते, भाजल्यासारखी. तो तपकिरी रंग म्हणजे ओल बरोबर असल्याची पावती. ठशाभोवती पाणी उमटत असेल किंवा खूण फिकी आणि कडा फुगीर येत असतील तर अजून थांबा. मोगरीला जोर लावूनही खूण उथळ राहते, चामडं टकटक वाजतं, तेव्हा उशीर झाला. स्पंजने वरून नुसतं पुसा.

ही वेळ महिन्यागणिक बदलते. डिसेंबर-जानेवारीत, उत्तरेचा कोरडा वारा असताना, अर्ध्या तासाच्या आत चामडं तयार होतं आणि तितक्याच लवकर हातचं जातं. मे महिन्यात हवा दमट पण उकाडा, त्यामुळे मधला वेळ. पावसाळ्यात दोन-तीन तास सहज. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत कोरडं वाटणारं चामडंही आधीच हवेतलं पाणी पिऊन बसलेलं असतं. म्हणून जुलैत दुसऱ्यांदा स्पंज फिरवायचा नाही. एकदा पुसा, पंख्याखाली ठेवा. उन्हात ठेवून घाई करू नका: वरचा पापुद्रा कडक होतो, आत ओल तशीच.

काम एका बैठकीत संपत नाही. अर्धा तुकडा राहिला तर हिवाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवला तरी चालतो. पावसाळ्यात तसं केलंत तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा. शेजारी बाजारातून आणलेली मासळी असेल तर चामडं तो वास सोडत नाही, आणि घरातली माणसं चामडं सोसत नाहीत.

नक्षी कुठली

कोकणात नक्षी शोधायला लांब जायला नको. सावंतवाडीच्या गंजिफा बघा. दशावतारी संचात १२० पत्ते, सगळे गोल, आणि कोस्टरही गोल. कडेची किनार, ठिपक्यांच्या रांगा, पानांची वेल यांचा आराखडा जसाच्या तसा उपयोगी पडतो. पण पत्त्यांवरच्या देवांच्या आकृत्या चामड्यावर घेऊ नका. कोणी तोंडावर बोलणार नाही, पण बहुतेकांना ते खटकतं. त्यात कपाखाली ठेवायची वस्तू. त्यापेक्षा मध्ये पापलेट काढा. त्याचं अंग मुळातच गोलसर, शेपटीचे दोन काटे रेघेला छान वळण देतात, आणि खवल्यांसाठी तुमचा बोल्टचा ठसा तयार आहेच.

चित्र कागदावर काढून त्यावर पारदर्शक प्लास्टिकची जाड फिल्म ठेवून उतरवून घ्या. ती फिल्म ओल्या चामड्यावर ठेवून बोथट टोकाने रेघा दाबायच्या. विणकामाच्या सुईचं टोक उत्तम. कार्बन पेपर आणि शाईचं पेन यांना या टेबलावर बंदी. शाई ओल्या चामड्यात मुरते ती कायमची.

रेघ

स्विव्हल नाइफ धरायची ती अशी: तर्जनी वरच्या खोबणीत, अंगठा आणि मधलं बोट दांड्यावर, करंगळी चामड्यावर टेकलेली. तर्जनीने दाबायचं, अंगठ्याने फिरवायचं, आणि सुरी आपल्याकडे ओढायची. पातं उजवी-डावीकडे कलू द्यायचं नाही, रेघ तिरकी कापली जाते आणि पुढे कडा उचकटते. खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. वळणावर दांडा फिरवा, तुकडाही फिरवा, पण मध्येच सुरी उचलू नका. जिथे उचलाल तिथे गाठ दिसते.

रेघ ओढताना सुरी अडखळत असेल तर दोष बहुधा धारेचा. पुठ्ठ्यावर हिरव्या पॉलिशिंग वडीचा हात मारून पातं त्यावर उलट दिशेने पाच-सहा वेळा ओढा. दर काही रेघांनंतर हे करायची सवय लावा. धार तीक्ष्ण असण्याइतकीच ती गुळगुळीत असायला हवी.

आधी माशाची बाह्यरेषा, मग गोल किनार. खवले, डोळा, परांवरच्या रेघा यांना सुरी लावायची नाही, ते ठशांचं काम.

उठाव

बेव्हलरचं तोंड उतरतं असतं: एक कड खोल, दुसरी उथळ. खोल कड कापलेल्या रेघेत बसवायची आणि उतार माशाच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचा. बाहेरची बाजू दबली की मासा आपोआप वर येतो. उतार आत केलात तर मासा खड्ड्यात जातो, आणि ते दुरुस्त होत नाही; म्हणून पहिला घाव घालण्यापूर्वी ‘दाबायचं कुठे’ हे एकदा मनाशी म्हणा.

ठसा उभा धरा, चामड्याला जेमतेम टेकवा, आणि मोगरीच्या लहान-लहान टोल्यांबरोबर तो रेघेवरून सरकवत न्या. दरवेळी निम्मा ठसा आधीच्या खुणेवर पडला पाहिजे. जोरदार एक घाव आणि मग उडी, असं केलं की पायऱ्या-पायऱ्या दिसतात. टोल्यांचा आवाज एकसारखा येऊ लागला की हात बसला असं समजा.

मग खवले. शेपटीकडून सुरू करून डोक्याकडे या, एकेक ओळ, दुसऱ्या ओळीतला खवला पहिल्या ओळीतल्या दोन खवल्यांच्या मध्ये. ठसा किंचित मागे कलवलात तर अर्धगोलाची एकच बाजू खोल जाते आणि खवला खरोखर उचलल्यासारखा दिसतो. सगळीकडे खवले भरू नका, पोटाकडे विरळ होत जाऊ द्या. शेवटी बॅकग्राउंडरने मासा आणि किनार यांच्यामधली जागा बारीक दाण्यांनी भरायची. गडद दाणेदार जमिनीवर गुळगुळीत मासा उठून दिसतो. यात तास-दीड तास जातो, मान दुखते, आणि मध्येच चामडं कोरडं होतं. पुन्हा स्पंज, पण अगदी हलका.

नुसत्या ठशांनीही सुंदर काम होतं, सुरीशिवाय. शांतिनिकेतनच्या पर्सवरचा उठाव मराठी घरांत अनेकांनी पाहिलेला असतो. सुरीची भीती वाटत असेल तर पहिलं कोस्टर फक्त ठिपके आणि खवले यांच्या गोल-गोल ओळींचं करा.

रंग, कड आणि बुरशी

तुकडा सावलीत पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस. मग परकाराने गोल आखून रापीने कापा. कडेवर थोडं पाणी लावून जाड कॅनव्हासच्या चिंधीने जोरात घासा, चकाकी येईपर्यंत.

रंग द्यायचा असेल तर स्पिरिटमध्ये विरघळणारा चामड्याचा रंग घ्या आणि कापडाच्या बोळ्याने गोल-गोल फिरवत पातळ हात द्या. काळा हवा असेल तर लोखंडाच्या ज्या डागाला आतापर्यंत घाबरत होतो तोच मुद्दाम करता येतो. तारेच्या घासणीचा तुकडा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा, झाकण सैल, कारण वायू सुटतो. गाळून ब्रशने लावा. काही मिनिटांत चामडं काळं होतं, आणि हा रंग हाताला लागत नाही. नंतर चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसून आम्ल मारायचं. तारेची घासणी साध्या पोलादाची हवी, स्टेनलेसची नव्हे.

शेवटचा थर. घरातलं प्रत्येक माणूस खोबरेल सुचवेल. दोन थेंब ठीक, पण चोपडलेलं तेल चामडं मऊ करतं, उठाव बसवतं आणि पावसाळ्यात तेलकट पृष्ठभागावर धूळ चिकटून बुरशीला निमंत्रण मिळतं. एक भाग मधमाशीचं मेण आणि तीन भाग तेल, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवलेलं, हे जास्त बरं. कोस्टरवर मात्र चहा सांडणार, तेव्हा मेणावर विसंबू नका. चामड्यासाठीचं ॲक्रिलिक फिनिश दोन पातळ हात द्या. तरी गरम कपाचं वर्तुळ कधीतरी उमटेल.

वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. सुती कापडात, हवेशीर कपाटात. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने घराबाहेर झटका, मग व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन पुसा, पंख्याखाली वाळवा आणि पुन्हा मेणाचा हात.

दोन-तीन कोस्टरं झाली की पट्ट्याकडे वळा. त्याला साडेतीन ते चार मिलिमीटर जाडी लागते आणि सबंध पट्टी एकदम भिजवता येत नाही: वीतभर ओली करायची, तेवढी संपवायची, मग पुढची. पट्टी मापापेक्षा चार बोटं लांब कापा, आणि बकलाची भोकं नक्षी पूर्ण होऊन वाळल्यावरच पाडा.